भुवया उचलून घ्यायला सोलला निघण्याआधी

भुवया वर उचलण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ब्राऊ लिफ्ट, करायला सोलला यायचं का, असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. बहुतेक पुण्या-मुंबईचे, एखादा दुबईचा. मी मूळची पुण्याची, गेली आठ वर्षं सोलमध्ये दुभाषी आहे. कोरियन शिकले ती रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कंपन्यांत नोकरी लागेल म्हणून. पुढे कारखान्यांच्या करारांसोबत दवाखान्यांची कामंही येत गेली. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टर काय म्हणाले, पेशंटला काय ऐकू आलं आणि मधल्या माणसाने काय विकलं, या तीन गोष्टींत किती फरक असतो ते मी जवळून बघते.

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: खर्च किती येतो? मी उलट विचारते, 'शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी घरी परतलात आणि रात्री एक डोळा अचानक सुजला, तर फोन कुणाला करणार?' त्यावर बहुतेक जणी गप्प होतात. याचं उत्तर हाती येईपर्यंत तिकीट काढायचं नाही. तोवर करायच्या गोष्टी क्रमाने सांगते.

१. खाली काय आलंय, ते आधी ओळखा

ही पायरी घरीच करायची आहे, फुकट आहे, आणि हीच सगळ्यात जास्त लोक गाळतात.

सकाळच्या उजेडात आरशासमोर बसा. डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, दहापर्यंत मोजा. आता तळहात कपाळावर हलकेच ठेवा, म्हणजे कपाळ नकळत वर ओढलं जाणार नाही, आणि डोळे सावकाश उघडा. जे दिसतं तो तुमचा खरा चेहरा. एरवी आरशात बघताना आपण सगळेच भुवया जराशा उंचावतो.

आता तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. भुवईच्या खाली बोटाला डोळ्याच्या खोबणीची हाडाची कड लागते. बायकांची भुवई साधारण या कडेच्या थोडी वर असते आणि बाहेरच्या बाजूला कमान घेते. पुरुषांची कडेवरच, सपाट. भुवई कडेच्या खाली उतरली असेल आणि बाहेरचं टोक पापणीवर जड बसलं असेल, तर प्रश्न भुवईचा आहे. भुवई जागेवर आहे पण वरच्या पापणीवर कातडीची जास्तीची घडी लोंबते आहे, तर प्रश्न कातडीचा, आणि त्याला ब्लेफरोप्लास्टी नावाची वेगळी शस्त्रक्रिया असते. तिसरी शक्यता अशी की भुवई ठीक, कातडीही ठीक, पण पापणीची कडाच बुबुळावर उतरून बाहुली झाकते. याला टोसिस म्हणतात. पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याचा पडदा सैल पडलेला असतो.

ही तिसरी गोष्ट फसवी आहे. पापणी पडली की नजर मोकळी राहावी म्हणून कपाळाचा स्नायू दिवसभर भुवया वर खेचत राहतो. कपाळाला आठ्या पडतात, संध्याकाळी डोकं जड होतं, आणि बाई म्हणते, 'माझ्या कपाळाचं काहीतरी करा.' कोथरूडच्या एक काकू अशाच आल्या होत्या. वीस-बावीस वर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरलेल्या. ब्राऊ लिफ्ट करायची हे इंटरनेटवर बघून ठरवूनच आलेल्या. सोलच्या सर्जनने त्यांचं कपाळ बोटाने दाबून धरलं, वर-खाली बघायला लावलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की भुवया उत्तम आहेत, पापण्या पडल्यात. वर्षानुवर्षं कडक लेन्स घालणाऱ्यांत हे होतं. तीच तपासणी पुण्यातल्या ऑक्युलोप्लास्टी करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाने, म्हणजे पापण्यांच्या आणि डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याने, केली असती. काकूंचं विमानाचं भाडं वाचलं असतं.

उलटा घोळही होतो. भुवई खरोखर खाली आलेली असताना नुसती पापणीची जास्तीची कातडी काढली, की नजर मोकळी होते, कपाळ भुवया वर खेचणं सोडतं आणि त्या आणखी खाली बसतात. मग 'ऑपरेशन करूनही थकलेलीच दिसते' ही तक्रार.

जुने फोटो काढा. लग्नाच्या अल्बममधलेच नकोत, त्यात भुवया कोरलेल्या असतात. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो जास्त खरा. विशीतही भुवई तिथेच असेल तर ती खाली आलेली नाही, ती तुमच्या आजीकडून आलेली आहे. तरी ती बदलावीशी वाटू शकते, त्यात गैर काही नाही. फक्त 'परत आणणं' आणि 'नवीन बनवणं' यांतला फरक सर्जनला स्पष्ट सांगता आला पाहिजे.

काही गोष्टींत सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठायचा. एका बाजूची पापणी किंवा भुवई अचानक पडली, सोबत दोन-दोन दिसू लागलं, बाहुल्या लहान-मोठ्या झाल्या, तोंड वाकडं झालं किंवा डोकं प्रचंड दुखू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय. सकाळी बरी आणि संध्याकाळी पडणारी पापणी मायस्थेनिया या स्नायूंच्या आजाराची असू शकते. थायरॉइड असेल तर तो ताब्यात आहे का, डोळ्यांत कोरडेपणा आहे का, लेझरने चष्म्याचा नंबर काढलाय का, हे सगळं भारतातच तपासून, लिहून घ्यायचं. डोळे आधीच कोरडे असतील आणि भुवई उचलल्यावर पापणी नीट मिटेना, तर त्रास आरशातला राहत नाही, रात्रीच्या झोपेतला होतो.

आणि एक. भुवईचा विचार दिवसातले दोन-दोन तास खात असेल, आणि घरच्या कुणालाही तो दोष दिसत नसेल, तर सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे एक चक्कर टाका. चांगले सर्जन स्वतःच तसं सुचवतात.

२. आधी सुई, मग सुरी

भुवईला वर नेणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली ओढणारे बरेच: दोन भुवयांमधले आणि डोळ्याभोवती गोल फिरणारा. खाली ओढणाऱ्यांना बोटॉक्स देऊन सैल केलं की भुवईचं टोक थोडं, अगदी मिलिमीटरांत, वर येतं. परिणाम तीन-चार महिने टिकतो. तेवढ्यात तुम्हाला कळतं की उचललेली भुवई आपल्याला शोभते का. काही जणींची हौस तिथेच फिटते. ज्यांना 'हे छान आहे, पण आणखी हवं' असं वाटतं, त्यांनी पुढे वाचावं.

कातडीखाली दोरे घालून, भुवई खेचून डोळे मांजरीसारखे तिरके करणं मोबाईलवर फार दिसतं. फोटो पहिल्या आठवड्यातले असतात. सहाव्या महिन्यातला फोटो मागा.

३. कोणती शस्त्रक्रिया, कुठे छेद

नाव एकच, पण प्रकार बरेच. सोलमध्ये 'ईमा-गॉसांग' म्हटलं, म्हणजे शब्दशः कपाळ उचलणं, की बहुतेक वेळा दुर्बिणीची शस्त्रक्रिया अभिप्रेत असते. केसांच्या आत तीन ते पाच लहान छेद घेतात, त्यातून एंडोस्कोप घालून कपाळाची कातडी हाडापासून सोडवतात, वर सरकवतात आणि टाक्यांनी, स्क्रूने किंवा काही महिन्यांत आपोआप विरघळणाऱ्या छोट्या खुंटीने अडकवतात. व्रण केसांत लपतो. पण केसांची रेषाही थोडी वर सरकते. म्हणून कपाळ आधीच मोठं असेल, केस घट्ट मागे बांधून बांधून रेषा मागे हटली असेल, तर हा प्रकार तुमच्यासाठी बहुधा नाही. तेव्हा केसांच्या रेषेलगत छेद घेतात. कपाळ वाढत नाही, उलट कमीही करता येतं. किंमत म्हणजे व्रण समोर येतो. अंबाडा किंवा घट्ट वेणी घालणारीने याचा दोनदा विचार करावा.

नुसतं बाहेरचं टोक उचलायचं असेल तर कानशिलाच्या केसांतल्या लहान छेदाने भागतं. जुनी पद्धत, या कानापासून त्या कानापर्यंत टाळूवरून छेद, आता कमी होते. भुवईच्या लगेच वर छेद घेऊन कातडी काढण्याची पद्धत चेहऱ्याच्या लकव्यात किंवा कपाळावर खोल आठ्या असलेल्या वयस्कर पुरुषांत वापरतात, कारण व्रण आठीत मावतो.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला एक जास्तीचा प्रश्न असतो. जखमेची जागा काळवंडते, आणि काहींचा व्रण जाड होतो. कान टोचल्यावर, देवीची किंवा बीसीजीची लस घेतल्यावर गाठ आली असेल तर ते सर्जनला आवर्जून दाखवा. सोलच्या दवाखान्याने दाखवलेले फोटो बहुतेक कोरियन चेहऱ्यांचे असतात. दक्षिण आशियाई पेशंटचे, निदान सहा महिन्यांनंतरचे, व्रण दिसेल असे केस बाजूला केलेले फोटो मागायचे. नसतील तर 'नाहीत' असं सांगणारा सर्जन मला आवडतो.

काय बिघडू शकतं? कपाळ आणि टाळू काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहणं हे बिघाडात मोजतच नाहीत, ते होतंच. मज्जातंतू जागे होताना टाळूला भयंकर खाज सुटते. छेदाजवळचे केस गळू शकतात, बहुतेक परत येतात. दोन भुवया एका रेषेत न येणं, रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, भुवई पुन्हा उतरणं. कानशिलावरून भुवईकडे जाणाऱ्या चेतातंतूला धक्का लागला तर त्या बाजूची भुवई हलत नाही. बहुतांशी ते तात्पुरतं असतं, कायमचं होणं विरळ. आणि सगळ्यांना माहीत असलेला, तरी मागून घेतलेला दोष: जास्त उचलणं. मग बाई कायम कुणीतरी धक्कादायक बातमी दिल्यासारखी दिसते. लोकांच्या भुवया उंचावतात त्या वेगळ्याच कारणाने. सर्जन 'थोडं कमीच करू' म्हणाला तर वाद घालू नका.

४. सोलमध्ये माणूस पारखायचा कसा

मेट्रोच्या तीन नंबरच्या लाइनवर शिन्सा आणि आपगुजंग ही स्टेशनं. बाहेर पडलात की इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर दवाखाना. नवख्याला वाटतं, इथे सगळेच तज्ज्ञ. तसं नाही. कोरियात परवाना असलेला कोणताही डॉक्टर सौंदर्य-शस्त्रक्रिया करू शकतो. फरक पाटीवर असतो, आणि तो फक्त कोरियन वाचणाऱ्याला दिसतो. तज्ज्ञाचा दवाखाना असेल तर नावातच 'सॉन्गह्यॉन्ग-वेग्वा', म्हणजे प्लास्टिक सर्जरी, हे शब्द जोडलेले असतात. तज्ज्ञ नसेल तर नावात नुसतं 'उइवॉन', दवाखाना, आणि पुढे 'चिल्ल्यो-ग्वामोक', म्हणजे 'उपचाराचे विषय', असं लिहून मग प्लास्टिक सर्जरी. हे मधले चार अक्षरांचे शब्द पाटीवर इतके बारीक किंवा अंधारात ठेवतात की रात्री दिव्यात दिसतच नाहीत. पाटीचा फोटो काढा आणि कोरियन येणाऱ्या कुणालाही एवढंच विचारा, हे शब्द आहेत का.

परदेशी पेशंट घेणाऱ्या दवाखान्याला आणि त्यांना पेशंट आणून देणाऱ्या एजंटला, दोघांनाही सरकारकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. दवाखान्याकडे त्या विषयाचा तज्ज्ञ आणि चुकीच्या उपचाराच्या भरपाईचा विमा लागतो. नोंदणीच्या प्रमाणपत्राचा फोटो पहिल्याच मेसेजमध्ये मागा. इन्स्टाग्रामवरची 'ताई, मी सगळं जमवून देते' म्हणणारी एजंट प्रमाणपत्र दाखवू शकली नाही, तर ती पर्यटक आहे, एजंट नाही. माझ्यासारख्या दुभाषीलाही विचारा की दवाखान्याकडून कमिशन मिळतं का. मी घेत नाही. पण प्रश्न विचारला म्हणून मला राग येत नाही.

आता सिल्जांग. दवाखान्यात गेल्यावर तुम्हाला एका छान खोलीत बसवतात, चहा देतात आणि नीटनेटका सूट घातलेली बाई समोर येते. ती सल्लाविभागाची प्रमुख, सिल्जांग. डॉक्टर नव्हे. ती तुमच्याशी पाऊण तास बोलते, डॉक्टर दहा मिनिटं. भुवईसाठी आलेल्या बाईला पापणी, नाक आणि गालात चरबी भरणं जोडून देणं हे तिचं काम, आणि 'आजच नक्की केलंत तर सूट' हे तिचं वाक्य. माझा नियम साधा आहे: पहिल्या दिवशी सही करायची नाही, आणि खर्चाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ द्यायचं नाही. निदान दोन दवाखाने बघायचे. दोघांनी वेगवेगळी शस्त्रक्रिया सुचवली तर आनंद माना, प्रश्न विचारायला जागा मिळाली.

डॉक्टरला विचारायचं ते कागदावर लिहून न्या, आणि दुभाष्याला एकेक करून, उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा न विचारता, भाषांतर करायला लावा. भुवई आहे की पापणी? कुठे छेद, का? कशाने अडकवणार? केसांची रेषा किती सरकेल? भूल कोणती, आणि भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ खोलीत असणार का? ते झोपवून करायची भूल सहज म्हणून सांगतात. झोपेतल्या माणसाचा श्वास कुणीतरी बघत बसावा लागतो, तो 'कुणीतरी' कोण, हे नावानिशी हवं. आणि शेवटचा: सुरुवातीपासून टाके घालेपर्यंत तुम्हीच करणार ना?

हा शेवटचा प्रश्न उद्धटपणा वाटेल, पण कोरियात त्याला इतिहास आहे. नावाजलेल्या डॉक्टरने सल्ला द्यायचा आणि पेशंट बेशुद्ध झाल्यावर दुसऱ्यानेच शस्त्रक्रिया करायची, याला तिथे 'भूत डॉक्टर' म्हणतात. २०१६ मध्ये जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक तरुण विद्यार्थी दगावला. त्याच्या आईने शस्त्रक्रियेच्या खोलीतलं चित्रीकरण मिळवून पुन्हा पुन्हा पाहिलं, मुलाजवळ कोण कधी होतं त्याचा मिनिटामिनिटाचा हिशेब लावला आणि वर्षानुवर्षं न्याय मागत उभी राहिली. शस्त्रक्रियेच्या खोलीत कॅमेरे सक्तीचे करणारा कायदा ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झाला आणि २५ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. पेशंट बेशुद्ध असणाऱ्या शस्त्रक्रियेचं चित्रीकरण तुम्ही मागितलं तर करावं लागतं. पण *मागितलं तर*. आपोआप होत नाही. शस्त्रक्रियेआधी लेखी अर्ज द्यायचा. फॉर्म दवाखान्यातच असतो. चित्रीकरण निदान ३० दिवस ठेवतात, म्हणून शंका आली तर महिना उलटायच्या आत जपून ठेवायची मागणी लेखी करायची. मी सोबत असते तेव्हा संमतीपत्राच्या आधी हा फॉर्म मागते. कुणी तोंड वाकडं केलं, तर तेही एक उत्तरच.

संमतीपत्र कोरियनमध्ये असतं. त्याचं भाषांतर आदल्या दिवशी मागा, शस्त्रक्रियेच्या सकाळी नाही. त्या सकाळी उपाशीपोटी, गाऊन घालून बसलेला माणूस कशावरही सही करतो.

५. व्हिसा, पैसे आणि विम्याचा भ्रम

भारतीय पासपोर्टवर कोरियाला व्हिसा लागतो. उपचारासाठी थोडक्या मुदतीचा सी-३-३ हा वैद्यकीय व्हिसा असतो, ९० दिवसांपर्यंतचा. त्यासाठी नोंदणीकृत दवाखान्याची कागदपत्रं लागतात. मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन ऑपरेशन उरकण्याचा सल्ला देणारे भेटतील. काही बिघडून मुक्काम वाढला की त्यांचे फोन लागत नाहीत.

मुंबई-पुण्यापेक्षा स्वस्त पडेल या आशेने सोलला येऊ नका. विमान, दोन आठवड्यांची राहणी, सोबतीला एक माणूस आणि दुभाष्याचे पैसे धरले की हिशेब उलटतो. दवाखान्याचा आकडा ऐकताना भूल, चाचण्या, औषधं, टाके काढणं आणि दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च आत आहे का, हे एकेक विचारायचं. पैसे बँकेतून पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या पुढे गेलात तर टीसीएस, म्हणजे बँक आधीच वसूल करते तो कर, कापला जातो, पावत्या जपा.

विम्याचं मात्र नीट समजून घ्या. आपल्या मेडिक्लेममध्ये दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बसत नाही. पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींत ती छापलेलीच असते. प्रवासाचा विमाही ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीचे पैसे साधारणपणे देत नाही. म्हणजे काही बिघडलं तर खिसा तुमचाच. त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल तर थांबा. (पडलेल्या पापणीने नजर अडत असेल तर गोष्ट वेगळी. तो वैद्यकीय उपचार ठरू शकतो, आणि काकूंसारख्यांना भारतातच, विम्यातून काही मिळू शकतं.)

६. कधी जायचं, तिथले दिवस कसे घालवायचे

नोव्हेंबरमध्ये कोरियातल्या मुलांची विद्यापीठ प्रवेशपरीक्षा संपते आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत दवाखाने भरून वाहतात. छुसॉक आणि सॉल्लाल या मोठ्या सणांच्या सुट्ट्यांचं दोन बाजूंनी बघायचं: सुट्टीच्या आधी स्थानिकांची झुंबड, आणि सणाचे काही दिवस बरेच दवाखाने बंद. तुमचा तिसरा दिवस सणात आला तर सूज दाखवायला कुणी नाही. एप्रिल-मे किंवा सणानंतरचा ऑक्टोबर बरा.

निदान दोन आठवडे धरा. पहिले दोन-तीन दिवस सल्ला आणि चाचण्या, मध्ये एक रिकामा दिवस फक्त विचाराला, मग शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी तपासणी, आणि सात ते दहा दिवसांनी टाके किंवा पिना काढणं. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर निदान सात ते दहा दिवस विमानात बसू नये, असं ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही आपल्या लोकांना सांगते. 'पाचव्या दिवशी परत' असं पॅकेज कुणी दिलं तर ते तुमच्या रजेचा विचार करतंय, जखमेचा नाही.

निघण्याच्या निदान चार आठवडे आधी सिगारेट बंद. तंबाखू आणि मिश्रीही. 'मी सिगारेट कुठे ओढते' म्हणणाऱ्या, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या बायका मी पाहिल्यात. निकोटिन तोंडातून गेलं तरी रक्तवाहिन्या आवळतंच, आणि कपाळाची सोडवलेली कातडी त्याच रक्तावर जगत असते. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ई जीवनसत्त्व, माशाचं तेल, लसूण-हळदीच्या कॅप्सूल, काढे, सगळ्याची यादी सर्जनला द्या. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस डोकं उंच ठेवून झोपा, दोन उशा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांत उतरते आणि आरशात बघून रडू येतं. अपेक्षित आहे, दोन आठवड्यांत बरंच ओसरतं. शेजारची कोरियन मावशी भोपळ्याचा रस, होबाकजुप, आणून देईल. सूज उतरते असा तिथला विश्वास. डॉक्टरला विचारून प्या, मायेने दिलेलं असतं. खायला जुक, म्हणजे आपली मऊ भाताची पेजच. शाकाहारी असाल तर 'भाज्यांचं जुक' मागूनही मांसाचं पाणी वापरलंय का ते विचारावं लागतं. मी तर पहिल्या दिवसासाठी घरून मेतकूट न्यायला सांगते.

एका बाजूला अचानक वाढणारी, दुखणारी, ताणलेली सूज, नजर धूसर होणं, ताप, जखमेतून पू, पोटरी सुजणं किंवा दम लागणं यांत सकाळची वाट बघायची नाही. कोरियात रुग्णवाहिकेचा नंबर ११९, आणि परदेशी पाहुण्यांना भाषेच्या मदतीसाठी १३३०. दोन्ही आधीच मोबाईलमध्ये टाकून ठेवा. दवाखान्याचा रात्री उचलला जाणारा नंबरही, आणि तो शस्त्रक्रियेआधीच एकदा लावून बघा. मी एकदा लावला तेव्हा इमारतीच्या रखवालदाराने उचलला होता.

निघताना कागद घ्या: शस्त्रक्रियेची नोंद, भुलेची नोंद, कपाळात काही खुंटी-स्क्रू ठेवला असेल तर त्याचं नाव आणि क्रमांक, दिलेली औषधं. आपल्या नोंदींची प्रत मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. शिवाय इंग्रजीत एक दाखला, कारण विमानतळावर पासपोर्टमधला फोटो आणि समोरचा सुजलेला चेहरा जुळत नाही.

७. अकरावा दिवस

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. सोलची वेळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथला दवाखाना संध्याकाळी सहाला बंद झाला, तेव्हा पुण्यात अडीच वाजलेले असतात. तुमची रात्रीची सूज त्यांना दुसऱ्या दिवशी, तीही फोटोत दिसणार. म्हणून जायच्या आधीच आपल्या गावातला एक प्लास्टिक सर्जन किंवा ऑक्युलोप्लास्टीचा नेत्रतज्ज्ञ गाठा, फी द्या, सरळ सांगा: मी बाहेर जाऊन हे करणार आहे, परत आल्यावर तुम्ही बघाल का? काही जण नाही म्हणतील. दुसऱ्याने केलेलं काम निस्तरायला कुणाला आवडत नाही, आणि त्यांचं चुकत नाही. जो हो म्हणेल त्याचा नंबर सोलच्या सर्जनला द्या, त्याचा याला द्या. तपासणी करताना तो 'हे मी इथेच करतो की' म्हणाला, तर तेही ऐकून घ्या. मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया करणारे चांगले हात आहेत, आणि आपल्या कातडीचे व्रण त्यांनी जास्त पाहिलेत.

दवाखान्याशी तंटा झालाच तर कोरियात वैद्यकीय वादांसाठी सरकारी मध्यस्थी संस्था आहे, २०१२ पासून. परदेशी पेशंटही तिथे अर्ज करू शकतात. पण मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व सोडलं तर समोरच्या दवाखान्याने मध्यस्थीला होकार द्यावा लागतो. कागद नीट असतील तर बोलणं सोपं जातं.

घरी परतल्यावरची पथ्यं डॉक्टर देतील, पण आपल्या घरातल्या काही गोष्टी त्यांच्या यादीत नसतात, तुम्हीच विचारायच्या. हेल्मेट: कपाळावर आणि छेदांवर दाबतं, तेव्हा दुचाकी कधीपासून? सूर्यनमस्कार, शीर्षासन, खाली वाकून रांगोळी, यातलं काय किती आठवड्यांनी? मेंदी आणि केसांचा रंग छेद पूर्ण भरेपर्यंत नाही. साधारण सहा आठवडे धरा. तेल लावून डोकं रगडून घेणं तर सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी नाही, बधिर टाळूला किती जोर लागला ते कळत नाही. त्याच कारणाने केस वाळवायच्या मशीनची गरम हवाही जपून. भाजलं तरी समजणार नाही. टिकलीचा गोंद कपाळ नीट होईपर्यंत टाळा. व्रण उघडा असेल तर सनस्क्रीन आणि स्कार्फ, निदान पहिले सहा महिने. पार्लरमध्ये भुवया कोरायला जाल तेव्हा त्या मुलीला आधी सांगा, आणि कमान बदलू देऊ नका. सूज पुरती उतरायला काही महिने लागतात; तोवर भुवईचं खरं टोक कुठे आहे, ते तिलाही माहीत नसतं आणि तुम्हालाही.